वडिलांच्या थकव्यावर कोएन्झाइम क्यू१० ची कॅप्सूल द्यावी का?

वाचणाऱ्यांना संदर्भ कळावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. वडील ६८ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका आला आणि एक स्टेंट बसवला. अ‍ॅस्पिरिन, बीटा ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारं औषध) आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) या गोळ्या चालू आहेत. गेले तीन-चार महिने ते लवकर दमतात, जिना चढताना मध्येच थांबावं लागतं, मांड्या आणि पोटऱ्या दुखतात. एका नातेवाइकांनी कोएन्झाइम क्यू१० च्या १०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल आणून दिल्या आणि सांगितलं, की स्टॅटिनमुळे हे द्रव्य शरीरातून कमी होतं, थकवा त्यामुळेच आहे, तेव्हा ही कॅप्सूल सुरू करा आणि स्टॅटिन बंद करा. तुम्ही विचारलंय की याने हृदय मजबूत होईल का, स्टॅटिन थांबवावं का, युबिक्विनॉल हा प्रकार जास्त चांगला का, आणि आईची तब्येत तशी ठणठणीत आहे, तरी तिलाही ‘एनर्जी’साठी ही कॅप्सूल चालू करावी का.

स्टॅटिन स्वतःहून बंद करू नका. हे सगळ्यात आधी. आणि दुसरं, कॅप्सूलचा विचार करण्याआधी वडिलांना या आठवड्यातच त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा. झटका येऊन गेलेल्या माणसाला नव्याने धाप लागायला लागली किंवा जिन्यात थांबावं लागलं, तर ते वयामुळे आहे असं आम्ही डॉक्टर गृहीत धरत नाही. इको करून हृदयाचं पंपिंग किती आहे ते पाहतो, ईसीजी काढतो, रक्त तपासतो. धाप आडवं झाल्यावर वाढत असेल, रात्री झोपेतून उठून बसावं लागत असेल, पायांवर सूज असेल, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलं असेल, तर आठवडाभरही थांबू नका. छातीत दाब आला, घाम फुटला किंवा बसल्या जागी दम लागला, तर थेट आपत्कालीन विभाग गाठा.

आता कॅप्सूलकडे येतो. नातेवाइकांचं म्हणणं सगळंच चुकीचं नाही. त्यात एक खरी गोष्ट आहे, एक अर्धी खरी आहे आणि एक धोक्याची आहे. ती वेगळी करायची तर हे द्रव्य शरीरात काय काम करतं ते नीट समजून घ्यावं लागेल.

१९५७ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक क्रेन आणि त्यांचे सहकारी बैलाच्या हृदयाच्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियांवर, म्हणजे पेशीसाठी ऊर्जा बनवणाऱ्या सूक्ष्म घटकांवर, काम करत होते. त्यातून त्यांना एक पिवळं-नारिंगी, चरबीत विरघळणारं द्रव्य मिळालं. पुढच्याच वर्षी कार्ल फोकर्स यांच्या गटाने त्याची रासायनिक रचना उलगडली. एक वलय आणि त्याला जोडलेली दहा एकसारख्या तुकड्यांची लांब शेपटी अशी ती रचना आहे. नावातला ‘१०’ हा आकडा त्या दहा तुकड्यांचा आहे. याच द्रव्याला युबिक्विनोन असंही म्हणतात. ते जवळपास प्रत्येक पेशीत सापडतं, म्हणून ‘सर्वत्र असणारं’ या अर्थाचं हे नाव. ते पहिल्यांदा हृदयातून मिळालं हा निव्वळ योगायोग नव्हता. मायटोकॉन्ड्रिया भरपूर हवेत म्हणूनच संशोधक हृदयाकडे वळले होते. जिथे मायटोकॉन्ड्रिया जास्त, तिथे क्यू१० जास्त.

हृदयाची भूक किती असते ते आकड्यांतच पाहावं. मोठ्या माणसाचं हृदय साधारण तीनशे ग्रॅमचं असतं आणि दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतं. त्यासाठी ते दिवसभरात सहा किलोंहून जास्त एटीपी तयार करतं आणि खर्चून टाकतं. एटीपी म्हणजे पेशीचं चलन, ज्याच्या जोरावर स्नायूचा प्रत्येक तंतू आखडतो आणि सैल होतो. सैल होण्यालाही ऊर्जा लागते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. हृदयात एका वेळी साठा असतो तो जेमतेम काही सेकंदांचा. म्हणजे कमावलं की खर्च, पुन्हा कमावलं की खर्च, असा जन्मभर न थांबणारा व्यवहार चालू असतो.

ही कमाई मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यावर होते. बांधकामावर मजूर रांगेत उभे राहून घमेली हातोहात पुढे देतात, तसं तिथे इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे सरकतात. अन्नातून आलेले इलेक्ट्रॉन आधी दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरतात. त्यांना पहिला आणि दुसरा संकुल म्हणतात. तिथून ते तिसऱ्या संकुलापर्यंत पोचवायचे असतात. ही संकुलं म्हणजे मोठी, अवजड प्रथिनं. मधली ने-आण करतो तो क्यू१०. चरबीत विरघळणारा असल्याने तो पडद्यातच सहज फिरतो, इकडून भरलेलं घमेलं घेतो, तिकडे रिकामं करतो आणि परत येतो. या साखळीतून पडद्याच्या एका बाजूला प्रोटॉन साठत जातात आणि ते परत आत येताना त्यांच्या जोरावर एटीपी बनतं. ही कल्पना पीटर मिचेल यांनी मांडली आणि तिच्यासाठी १९७८ चं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं. क्यू१० कसा फिरतो याचं चक्रही त्यांनीच मांडलं होतं.

क्यू१० चं दुसरंही एक काम आहे. इलेक्ट्रॉन घेतलेल्या रूपात, म्हणजे युबिक्विनॉलच्या रूपात, तो पेशींच्या पडद्यांतल्या आणि रक्तातल्या चरबीच्या कणांना ऑक्सिडेशनपासून वाचवतो आणि वापरलं गेलेलं ई जीवनसत्त्व पुन्हा कामाजोगं करतो. काम खरं आहे. पण ‘अँटिऑक्सिडंट आहे म्हणजे हृदयरोग टळतो’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. ई जीवनसत्त्वाच्या मोठमोठ्या चाचण्यांनी हा धडा आम्हाला केव्हाच दिला आहे.

मुद्दा इथून सुरू होतो. हृदयाला क्यू१० शिवाय चालत नाही यावर कुणाचंच दुमत नाही. पण एखादी गोष्ट अत्यावश्यक असणं वेगळं आणि ती वरून जास्त दिल्याने फायदा होणं वेगळं. रांगेत मजूर पुरेसे असतील, तर आणखी दहा आणून उभे केल्याने भिंत लवकर बांधून होत नाही. मजूर खरंच कमी पडले असतील तर मात्र फरक पडतो. म्हणून प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत विचारायचं ते एवढंच, की याच्या हृदयात क्यू१० कमी आहे का, आणि कॅप्सूल ती उणीव भरून काढते का.

शरीर क्यू१० स्वतः बनवतं. मांस, मासे, तेलबिया, सुका मेवा यांतून दिवसाला तीन ते सहा मिलिग्रॅम मिळतं, बाकीचं सगळं घरचं. हृदयातली पातळी तरुणपणी सर्वाधिक असते आणि वयाबरोबर घटत जाते. हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाचं काम शरीराच्या गरजेला कमी पडू लागलेल्या, रुग्णांच्या हृदयस्नायूचे बारीक तुकडे तपासले, तेव्हा आजार जितका तीव्र तितका क्यू१० कमी, असं १९८० च्या दशकात दिसून आलं. इथे मात्र कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे गणित सोपं नाही. निकामी होत चाललेल्या हृदयात मायटोकॉन्ड्रियाच कमी आणि बिघडलेले असतात, म्हणून क्यू१० कमी दिसत असेल. किंवा क्यू१० कमी पडल्याने हृदय आणखी थकत असेल. बहुधा दोन्ही गोष्टी एकमेकींना खाली ओढत असाव्यात, असं माझं मत आहे.

तोंडावाटे घेतलेलं क्यू१० हृदयाच्या पेशीपर्यंत पोचतं का, हा प्रश्न मी पूर्वी स्वतःच फार शंकेने विचारत असे. त्यावर ऑस्ट्रेलियातल्या शल्यचिकित्सकांच्या एका गटाने २००५ साली चांगलं काम प्रसिद्ध केलं. हृदयाच्या शस्त्रक्रियेआधी सुमारे दोन आठवडे रुग्णांना रोज ३०० मिलिग्रॅम क्यू१० दिलं आणि शस्त्रक्रियेच्या वेळी हृदयाच्या वरच्या कप्प्याचा छोटा तुकडा तपासला. त्या तुकड्यात क्यू१० ची पातळी वाढलेली होती आणि मायटोकॉन्ड्रियांचं कामही सुधारलेलं होतं. म्हणजे ते पोचतं. पण पोचलं म्हणून माणूस जास्त जगतो किंवा कमी वेळा रुग्णालयात भरती होतो असं नाही. ते पाहायला वेगळ्या चाचण्या लागतात.

अशा चाचण्यांचा इतिहास सरळ नाही. जपानमध्ये १९७४ सालीच हार्ट फेल्युअरसाठी क्यू१० ला औषध म्हणून मान्यता मिळाली. त्यानंतर छोट्या-छोट्या चाचण्या होत राहिल्या. काहींत सुधारणा दिसली, काहींत अजिबात नाही. २००० साली अमेरिकेत झालेल्या एका काटेकोर चाचणीत ५५ रुग्णांना सहा महिने रोज २०० मिलिग्रॅम क्यू१० किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली. पंपिंगमध्ये फरक पडला नाही आणि व्यायामाच्या क्षमतेतही नाही. त्या काळात माझ्यासारख्या अनेकांनी हा विषय मनातून काढून टाकला होता.

मग २०१४ मध्ये क्यू-सिम्बिओ ही चाचणी प्रसिद्ध झाली. मध्यम ते तीव्र हार्ट फेल्युअरचे ४२० रुग्ण. त्यांचं नेहमीचं औषध चालूच ठेवलं आणि त्यावर निम्म्यांना १०० मिलिग्रॅम क्यू१० दिवसातून तीन वेळा, निम्म्यांना निष्क्रिय कॅप्सूल, अशी दोन वर्षं. हृदयाशी संबंधित गंभीर घटना निष्क्रिय गटात २६ टक्के रुग्णांना झाल्या, क्यू१० गटात १५ टक्के. कुठल्याही कारणाने झालेले मृत्यू १८ टक्क्यांच्या जागी १० टक्के. हे आकडे साधे नाहीत. चांगल्या सिद्ध औषधांनीही इतका फरक क्वचितच दिसतो.

आणि नेमकं म्हणूनच मी इथे थांबून विचार करतो. ४२० हा आकडा हृदयरोगाच्या चाचण्यांत लहान मानतात. आज आम्ही ज्या औषधांवर विश्वास ठेवतो त्यांच्या मागे हजारो रुग्णांच्या चाचण्या आहेत. या चाचणीत ठरवले होते तितके रुग्ण मिळालेच नाहीत, आणि जे मिळाले ते जमवायला कित्येक वर्षं लागली. शिवाय तो काळ आजच्या दोन नव्या गटांतल्या औषधांच्या आधीचा आहे. त्यातलं एक सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन. दुसरा गट मुळात मधुमेहासाठी आला आणि आता हार्ट फेल्युअरचा आधारस्तंभ झाला, त्याला एसजीएलटी२ रोधक म्हणतात. ही औषधं पूर्ण मात्रेत चालू असताना क्यू१० ची भर घातल्यास वर किती फायदा मिळेल, याचं उत्तर ती चाचणी देऊ शकत नाही. कॉक्रेन या संस्थेने २०२१ मध्ये अकरा चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. हार्ट फेल्युअरमध्ये क्यू१० मुळे मृत्यू आणि रुग्णालयात भरती होणं बहुधा कमी होतं, असा त्यांचा सावध निष्कर्ष आहे. पण मृत्यूबद्दलचा त्यांचा आधार म्हणजे पुन्हा हीच एक ४२० रुग्णांची चाचणी. पंपिंग आणि व्यायामक्षमता यांबद्दल त्यांनाही ठाम काही सांगता आलं नाही. अमेरिकेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना, एखादी ठरावीक उणीव भरून काढायची नसेल तर, पूरक पोषकं सुचवू नयेत असंच म्हटलं आहे.

मी स्वतः काय करतो? हार्ट फेल्युअरवरच्या मुख्य औषधांचे चार गट आहेत. ज्या रुग्णाची या चारही गटांतली औषधं जास्तीत जास्त सोसवेल त्या मात्रेपर्यंत पोचली आहेत, तरी थोडं चाललं की तो दमतो, आणि तो स्वतः क्यू१० बद्दल विचारतो, त्याला मी नाही म्हणत नाही. १०० मिलिग्रॅम दिवसातून दोन-तीन वेळा, जेवणाबरोबर, असं सुचवतो आणि स्पष्ट सांगतो की ही भर आहे, बदली नाही. ज्याची मुख्य औषधंच अर्धवट चालू आहेत त्याच्याशी मात्र मी कॅप्सूलबद्दल बोलतच नाही. आधी ती औषधं मार्गी लावतो, कारण त्यांचा फायदा निर्विवाद आहे. सिद्ध गोळी टाळून कॅप्सूल घेणारा रुग्ण पाहिला की मला खरंच वाईट वाटतं. असा एक रुग्ण मी पाहिला आहे. ‘नैसर्गिक’ उपाय हवा म्हणून त्याने बीटा ब्लॉकर सोडून क्यू१० धरलं, आणि काही आठवड्यांनी फुप्फुसात पाणी भरलेल्या अवस्थेत तो आमच्याकडे आला. तो वाचला. पण त्याची ती रात्र टाळता आली असती.

तुमच्या वडिलांना हार्ट फेल्युअर आहे की नाही हे इको झाल्यावरच कळेल. स्टेंट बसवलेल्या प्रत्येकाला ते नसतं. पंपिंग चांगलं असेल, तर क्यू-सिम्बिओचे आकडे त्यांना लागूच होत नाहीत.

आता स्टॅटिन. नातेवाइकांच्या बोलण्यातला खरा भाग हा: कोलेस्टेरॉल आणि क्यू१० दोन्ही एकाच रासायनिक वाटेने तयार होतात आणि स्टॅटिन त्या वाटेच्या सुरुवातीलाच अडसर घालतं. त्यामुळे रक्तातली क्यू१० ची पातळी खाली येते हे अनेकदा मोजलं गेलंय. अर्धा खरा भाग असा, की क्यू१० रक्तात फिरतं तेच मुख्यतः एलडीएलच्या, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या, कणांवर बसून. गाड्याच कमी झाल्या की रस्त्यावर प्रवासीही कमी दिसणारच. स्नायूंच्या आतली पातळी खरंच घटते का, यावर अभ्यासांत एकवाक्यता नाही. एका औषध कंपनीने १९९० साली स्टॅटिन आणि क्यू१० एकत्र देण्याचं पेटंट घेतलं होतं आणि लोक त्याचा पुरावा म्हणून दाखला देतात. पेटंट ही कल्पनेवरची मालकी असते, ती कल्पना रुग्णात लागू पडते याचा दाखला नव्हे.

मग क्यू१० ने स्टॅटिनची स्नायुदुखी थांबते का? सहा चाचण्यांच्या २०१५ च्या एकत्रित विश्लेषणात फायदा दिसला नाही. बारा चाचण्यांच्या २०१८ च्या विश्लेषणात दिसला. दोन्हींत सहभागी लोक काही शेच होते. मला सगळ्यात पटलेला अभ्यास वेगळा आहे. त्यात आधी खात्री करून घेतली होती की दुखणं खरोखर स्टॅटिननेच होतं, निष्क्रिय गोळीने नाही. मग अशाच लोकांना स्टॅटिनबरोबर रोज ६०० मिलिग्रॅम युबिक्विनॉल दिलं. रक्तातली पातळी वाढली, दुखणं मात्र कमी झालं नाही.

या संदर्भात लंडनमध्ये झालेली सॅमसन ही चाचणी मी माझ्या प्रत्येक अशा रुग्णाला सांगतो. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या साठ जणांना वर्षभर महिन्यागणिक कधी स्टॅटिन, कधी निष्क्रिय गोळी आणि कधी काहीच नाही, असं दिलं. रिकाम्या महिन्यात त्रासाचा सरासरी गुणांक ८ होता. निष्क्रिय गोळीवर १५.४ आणि स्टॅटिनवर १६.३. म्हणजे त्रासाचा नव्वद टक्के भाग निष्क्रिय गोळीनेही होत होता. याचा अर्थ दुखणं खोटं असतं असा मुळीच नाही. दुखणं खरं असतं, पण ते गोळीतल्या रसायनापेक्षा गोळी घेण्याच्या धास्तीतून जास्त येतं. स्वतःचे आकडे पाहिल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केलं. मला ही गोष्ट फार आशादायक वाटते. २०२२ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास लोकांच्या माहितीचं विश्लेषण झालं, त्यातही स्टॅटिनवर असताना नोंदवलेल्या स्नायूंच्या तक्रारींपैकी साधारण पंधरात एक तक्रारच खरोखर स्टॅटिनमुळे असल्याचं दिसलं.

तरीही वडिलांचं दुखणं त्या पंधरातलं एक असू शकतं, म्हणून ते नीट तपासावं. दोन्ही मांड्या सारख्याच दुखतात का? गोळी सुरू झाल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर सुरू झालं का? की चालताना पोटरी आवळते आणि उभं राहिलं की थांबते? हे शेवटचं असेल तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची शंका घ्यावी लागते. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा सापडलाय, त्याच्या पायांत तो सापडणं काही विशेष नाही. तिथे स्टॅटिन बंद करणं म्हणजे नेमकं उलटं पाऊल. सीके नावाची, स्नायूंना इजा होते आहे का हे दाखवणारी रक्ततपासणी, थायरॉइड, ड जीवनसत्त्व, मूत्रपिंडाचं काम हे पाहून घ्यावं. थायरॉइड कमी असेल तर स्नायूही दुखतात, थकवाही येतो, कोलेस्टेरॉलही वाढतं आणि स्टॅटिनचा त्रास व्हायची शक्यताही वाढते. एका साध्या तपासणीने सगळी कोडी सुटल्याची उदाहरणं माझ्याकडे बरीच आहेत. काही प्रतिजैविकं आणि बुरशीवरची औषधं स्टॅटिनची रक्तातली पातळी वाढवतात, त्यामुळे अलीकडे दुसरं काही औषध दिलं गेलं होतं का, तेही सांगा.

दुखणं स्टॅटिनचंच निघालं तरी वाटा बऱ्याच आहेत. मात्रा कमी करता येते, दुसरं स्टॅटिन देता येतं, एक दिवसाआड देता येतं, एझेटिमाइब या कोलेस्टेरॉलवरच्या दुसऱ्या गोळीची जोड देता येते, आणि अगदीच नाही जमलं तर इंजेक्शनच्या रूपातली नवी औषधं आहेत. हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली. या प्रवासात कुणी क्यू१० करून पाहायचं म्हटलं, तर माझी हरकत नसते. रोज १०० ते २०० मिलिग्रॅम, आठ ते बारा आठवडे, आणि दुखण्याची नोंद रोज वहीत. फरक पडला नाही तर थांबवायचं. जन्मभर चालू ठेवायचं कारण नाही. एक गोष्ट मात्र तातडीची: स्नायू फार दुखू लागले, अशक्तपणा आला आणि लघवी चहासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी रुग्णालयात जायचं. ते दुर्मिळ आहे, पण त्यात मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

थकव्याबद्दल एक गोष्ट राहिली. बीटा ब्लॉकरनेही थकवा येतो, विशेषतः नाडी पन्नासच्या आसपास आली असेल तर. हिमोग्लोबिन कमी असेल तर येतो, आणि अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या माणसात पोटातून हळूहळू रक्त जात नाही ना हे पाहावंच लागतं. मधुमेह, सोडियम कमी होणं, झोपेत श्वास अडकणं, आणि झटक्यानंतरचं नैराश्य ही कारणंही आहेत. नैराश्याबद्दल घरचे लोक क्वचितच बोलतात. ‘अंगात त्राणच नाही’ असं म्हणणारा माणूस कधीकधी खरं तर ‘मला पुन्हा झटका येईल याची भीती वाटते’ असं सांगत असतो. त्यांना एकदा निवांत बसून विचारा. त्यांच्या डॉक्टरांनी परवानगी दिली, तर देखरेखीखालचा व्यायाम म्हणजे कार्डियाक रिहॅबिलिटेशन सुरू करा. झटक्यानंतर मायटोकॉन्ड्रियांची संख्या आणि स्नायूंची ताकद वाढवण्याचा सगळ्यात भरवशाचा उपाय हाच आहे, आणि कुठल्याही कॅप्सूलमागे नाही इतका पुरावा त्याच्यामागे आहे.

युबिक्विनोन की युबिक्विनॉल? शरीर दोन्ही रूपं सतत एकमेकांत बदलतं. कुठलंही घेतलं तरी रक्तात नव्वद टक्क्यांहून जास्त युबिक्विनॉलच सापडतं. शोषणाचा खरा प्रश्न रूपापेक्षा कॅप्सूल कशी बनवली आहे याचा असतो. कोरड्या पावडरीच्या गोळीपेक्षा तेलात विरघळवलेली मऊ कॅप्सूल बरी. रिकाम्या पोटी घेतलं तर बरंचसं वाया जातं, थोडी स्निग्धता असलेल्या जेवणाबरोबर घ्यावं. एकदम ३०० घेण्यापेक्षा विभागून घेतलेलं जास्त शोषलं जातं. क्यू-सिम्बिओमध्ये वापरलं गेलं ते साधं युबिक्विनोनच होतं, त्यामुळे महागड्या प्रकारासाठी हट्ट धरायचं कारण मला दिसत नाही.

घेतल्यावर रक्तातली पातळी सर्वाधिक व्हायला सहाएक तास लागतात आणि रोज घेतल्यास ती स्थिर व्हायला दोन-तीन आठवडे. म्हणून ‘कॅप्सूल घेतली आणि तासाभरात तरतरी आली’ असं कुणी सांगितलं, तर ती तरतरी कॅप्सूलची नसते. हार्ट फेल्युअरच्या क्यू-सिम्बिओ चाचणीतही सोळा आठवड्यांनी दोन गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. फरक दिसला तो दोन वर्षांनी.

दुष्परिणाम कमी आहेत. मळमळ, पोट बिघडणं, क्वचित पुरळ, आणि संध्याकाळी उशिरा घेतल्यास काहींना झोप न लागणं. पण रक्त पातळ राहण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. क्यू१० ची रचना के जीवनसत्त्वाशी मिळतीजुळती आहे आणि वॉरफरिनचा परिणाम कमी झाल्याच्या नोंदी आहेत. सुरू करताना आणि बंद करतानाही आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा, तपासावा लागतो. कर्करोगाची केमोथेरपी चालू असेल तर त्या तज्ज्ञांना विचारल्याशिवाय कुठलंही अँटिऑक्सिडंट नको. बहुतेक देशांत या कॅप्सूल औषध म्हणून नाही तर अन्नपूरक म्हणून विकल्या जातात, म्हणजे विक्रीआधी परिणाम सिद्ध करावा लागत नाही. तेव्हा स्वतंत्र प्रयोगशाळेने तपासलेलं उत्पादन मिळालं तर तेच घ्यावं.

बाकी दाव्यांचं झटपट सांगतो. रक्तदाब: कॉक्रेनच्या २०१६ च्या आढाव्यात उपयोगी ठरेल असा परिणाम आढळला नाही, त्यामुळे बीपीची गोळी कमी करण्याचा विचारही नको. पार्किन्सन: रोज १२०० आणि २४०० मिलिग्रॅम इतक्या मोठ्या मात्रेची ६०० रुग्णांवरची चाचणी फायदा दिसण्याची शक्यता नाही म्हणून मध्येच थांबवली. स्वीडनमध्ये सत्तरीच्या पुढच्या ४४३ जणांना सेलेनियम आणि क्यू१० चार वर्षं एकत्र दिलं, तेव्हा हृदयरोगाने होणारे मृत्यू १२.६ वरून ५.९ टक्क्यांवर आलेले दिसले. अभ्यास उत्सुकता वाढवणारा आहे, पण तिथल्या लोकांत सेलेनियम मुळात कमी असतं आणि फायदा दोघांपैकी कुणाचा हे त्यातून सांगता येत नाही. एका ठिकाणी मात्र क्यू१० हेच खरं औषध आहे. जन्मजात जनुकीय दोषामुळे ज्या मुलांच्या शरीरात ते बनतच नाही, त्यांच्या मेंदूचं, स्नायूंचं किंवा मूत्रपिंडाचं नुकसान मोठ्या मात्रेतल्या क्यू१० ने काही वेळा थोपवता येतं. निदान जितकं लवकर तितकं चांगलं. रांगेतला मजूरच नव्हता, तो आणून दिला, असा हा प्रकार.

म्हणून तुमच्या वडिलांसाठी क्रम असा: आधी तपासणी, मग कारण, मग त्या कारणाचा उपचार. हातात असलेली कॅप्सूलची बाटली डॉक्टरांना दाखवा, लपवू नका. सोबत चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या, नुसती चिठ्ठी नको, कारण चिठ्ठीवर एक आणि पाकिटात दुसरं असं मी पुष्कळदा पाहिलंय. इकोमध्ये पंपिंग कमी निघालं आणि मुख्य औषधं बसल्यावरही थकवा राहिला, तर क्यू१० चा विषय त्यांच्याकडे जरूर काढा. चर्चा करण्याइतपत पुरावा आज आहे.

आईच्या बाबतीत, ती ठणठणीत असेल तर नको. निरोगी माणसाला यातून वाढीव ऊर्जा मिळते असं मानायला पुरेसा आधार नाही. आणि ‘एनर्जी’ हवी असं ती म्हणत असेल, तर तिलाही थोडं दमायला होत असणार. तिचं हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी१२ आणि साखर एकदा तपासून घ्या. बायकांमध्ये हृदयाचा त्रास कधीकधी छातीत न दुखता नुसत्या थकव्याने सुरू होतो, म्हणून तो थकवा नवा आहे का, चालल्यावर वाढतो का, हेही तिला विचारा, आणि उत्तर हो असेल तर वडिलांबरोबर तिलाही त्याच डॉक्टरांना दाखवून आणा.